जिना कोणाचा?

वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत हल्ली एक ओळ वारंवार दिसते. पणजीत, मळा-फोंतेन्हासजवळ, पूर्ण नूतनीकरण केलेला वन बीएचके फ्लॅट विकणे किंवा भाड्याने देणे आहे. खाली क्षेत्रफळ दिलेले असते ते चौरस मीटरमध्ये. मुंबईचा पाहुणा ते वाचून गोंधळतो. पन्नास म्हणजे खुराडे की काय, असे त्याला वाटते. मग पावणेअकराने गुणायचे असते हे कोणीतरी सांगते आणि त्या खुराड्याचे जवळजवळ साडेपाचशे चौरस फुटांचे घर होते. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा मीटर आमच्या घरांच्या मापात राहिला.

सरकारी कागद हाताळण्यात निम्मे आयुष्य गेल्यामुळे असेल, मला फ्लॅट बघण्यापेक्षा त्याचे विक्रीखत वाचायला जास्त आवडते. गोव्यातले विक्रीखत म्हणजे एक छोटासा इतिहासग्रंथच असतो. त्याच्या शेवटी मालमत्तेचे परिशिष्ट असते. मळ्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके घेतला, तेव्हा ते मी सावकाश वाचले. आधी जमिनीचे जुने नाव, त्यात 'पाल्मार' म्हणजे माडांचे भाट असा उल्लेख. मग पोर्तुगीज काळच्या नोंदणी कचेरीतला क्रमांक. मग महसुलाचा 'मात्रिज' क्रमांक. मग मुक्तीनंतरच्या सिटी सर्व्हेचे पी. टी. शीट आणि चलता नंबर. शेवटी चतुःसीमा, म्हणजे एका बाजूला आल्तिनोचा उतार, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे खाडीकडे जाणारा नाला. या सगळ्यानंतर एका ओळीत आपला फ्लॅट. ५२ चौरस मीटर, 'आणि जमिनीतील अविभक्त हिस्सा'.

त्या शेवटच्या चार शब्दांवरून कोणीही वाचणारा सहज पुढे जातो. खरी गोष्ट तिथेच आहे. फ्लॅट घेणारा माणूस चार भिंतींचा धनी होतो, पण त्या भिंती ज्यावर उभ्या आहेत ती जमीन, खांब, गच्ची, जिना हे सगळे सर्वांचे मिळून असते. इंग्रजीत अशा मालकीला 'कॉन्डोमिनियम' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'कोंदोमिनियु'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एवढाच, की मिळून असलेले धनीपण. नाव परके वाटते, पण ही कल्पना गोव्याला परकी नाही. उलट, मिळून धनीपण कसे सांभाळायचे हे या मातीला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

पणजी हा मुळात ताळगाव गावकरीचा एक वाडा. गावकरी, म्हणजे पोर्तुगीजांनी जिला पुढे कोमुनिदाद म्हटले ती संस्था, गावची जमीन सामाईक ठेवणारी होती. खाजन शेतीचे बांध, मानस, तळी, देवळाचा खर्च ही सगळी कामे गावच्या उत्पन्नातून आधी भागवायची आणि उरेल ते गावकारांत वाटायचे, अशी तिची रीत. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि १५२६ साली अफोंसो मेशियाने या रूढी लिहून काढल्या, तो 'फोराल' प्रसिद्धच आहे. राज्यकर्त्यांनाही कळले होते, की बांध फुटला तर महसूलही वाहून जाईल. म्हणून त्यांनी ही व्यवस्था मोडण्याऐवजी आपल्या दप्तरात घेतली. आधी दुरुस्ती, मग वाटणी. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मळा आणि फोंतेन्हासकडे वळू. आज जिथे रंगीत घरांसमोर नवरा-नवरी फोटो काढून घेतात, तिथे एके काळी दलदल, खारे पाणी आणि माड होते. १६३३ च्या सुमारास लिन्यारिशचा कोंद मिगेल द नोरोन्य या व्हाइसरॉयने पणजी ते रायबंदर हा तीन किलोमीटरहून लांब दगडी रस्ता खाजनातून बांधला. त्याच्या पणजीकडच्या टोकाचा पाटो आपण अजून वापरतो. जुन्या गोव्यात रोगराईने माणसे टिकेनात, तेव्हा १७५९ साली व्हाइसरॉय कोंद द एगा आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात घेऊन आला. साहेब आला की मागोमाग कारकून येतो. कारकून आला की त्याला घर लागते. पणजी शहराची जन्मकथा एवढ्या दोन वाक्यांत सांगता येईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आन्तोनियु जुआंव द सिकेर हा मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परत आलेला गृहस्थ. लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणत. आल्तिनोच्या पायथ्याशी त्याचे माडांचे भाट होते. त्यातूनच फोंतेन्हासची वस्ती उभी राहिली. ही मालमत्ता पुढे चिंबलच्या कार्मेलाइट मठाकडे गेली. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यांवरून वस्तीला नाव पडले. फोंतेन्हास म्हणजे लहान लहान झरे. मळ्यातला 'फोंत फिनिश' हा त्यांतलाच. १८२६ ते १८३५ या काळात कारभार करणाऱ्या दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याने दलदल बुजवून रस्ते आखले आणि २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली.

या शहराची एक गंमत सांगायला हवी. पणजी नवी म्हणून बांधली गेली खरी, पण जुन्याच सामानातून. ओस पडलेल्या जुन्या गोव्यातल्या इमारतींचे दगड आणि खांब इथे आले. फोंतेन्हासच्या सां सेबाश्तियांव कपेलातला, डोळे उघडे असलेल्या ख्रिस्ताचा क्रूस मूळचा इन्क्विझिशनच्या वाड्यातला. तो आधी आदिलशाही वाड्यात आला आणि १९१८ साली गव्हर्नराने आपला मुक्काम काब येथे हलवला तेव्हा या कपेलात पोचला. खुद्द आदिलशाही वाडा तरी काय? सुलतानाचा वाडा, मग किल्ला, मग व्हाइसरॉयचे घर, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा. 'नूतनीकरण' हा शब्द जाहिरातवाल्यांनी आता शोधला असेल, पणजी ते दोनशे वर्षे करत आली आहे.

रस्त्यांच्या नावांतही हा थर दिसतो. फोंतेन्हासमधल्या '३१ द जनेरु' या रस्त्याचे नाव पोर्तुगालच्या स्पेनपासूनच्या स्वातंत्र्यावरून पडले असे वाटाडे सांगतात. ते खरे नव्हे. ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४० चे. ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला, त्याची ती आठवण. हरलेल्या उठावाचे नाव आमच्या एका चिंचोळ्या रस्त्याला चिकटून राहिले आहे.

आता घरांचे पाहू. फोंतेन्हासची जुनी घरे चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची, एक-दोन मजल्यांची. खाली एक कुटुंब, वर दुसरे, असेही व्हायचे. वारसांत वाटणी होऊन एकाच घराचे मजले वेगवेगळ्या धन्यांचे व्हायचे. मग पावसात कौले फुटली की खर्च कोणी द्यायचा? १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. या कायद्याविषयी आपण एरवी बोलतो ते लग्न आणि वारसा यांपुरते. पण त्यात या प्रश्नाचेही उत्तर होते. वेगवेगळ्या मजल्यांचे वेगवेगळे मालक असतील आणि त्यांच्या कागदांत काही ठरलेले नसेल, तर सामाईक भिंती आणि छप्पर सर्वांनी आपापल्या हिश्शाच्या किमतीप्रमाणे दुरुस्त करावे. आपल्या मजल्याची जमीन आणि आतले छत ज्याचे त्याने पाहावे. आणि जिना? पहिल्या मजल्याच्या मालकाने आपण वापरतो तेवढ्या जिन्याचा खर्च द्यावा. दुसऱ्या मजल्याच्या मालकाने पहिल्या मजल्याच्या चौकापासून वरच्या भागाचा. याच क्रमाने वर वर.

केवढा बारकाईचा विचार आहे पाहा! फ्लॅट हा शब्द गोव्यात येण्याच्या कितीतरी आधी जिन्याच्या पायऱ्यांची वाटणी इथल्या कायद्यात लिहिलेली होती. खुद्द पोर्तुगालमध्ये मजल्यांच्या मालकीचा स्वतंत्र तपशीलवार कायदा १९५५ साली आला. तिथे त्या मालकीला 'आडवी मालमत्ता' म्हणतात. जमिनीवर उभ्या रेघा मारून वाटणी होते ती नेहमीची मालमत्ता. हवेत आडव्या रेघा मारल्या की फ्लॅट.

मग १९ डिसेंबर १९६१ उजाडला. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला, नवी खाती निघाली, नव्या कचेऱ्या उघडल्या. डेप्युटेशनवर माणसे आली. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा सुरू झाल्या. त्यांत शिकवायला सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून, कोल्हापूर-बेळगावकडून शिक्षक आले. या सगळ्यांना गोव्यात ना वडिलोपार्जित घर, ना भाट. १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांनी राहणाऱ्याला आधार दिला, पण त्याच वेळी भाडेकरू ठेवायला घरमालक कचरू लागले. खोली मिळेना. मग बिल्डर पुढे आला. ज्याच्याकडे वारसांचा घोळ आणि मोडके घर होते त्याने जमीन दिली, ज्याच्याकडे पगार होता त्याने हप्ते दिले.

फ्लॅटने आमच्या समाजात काय बदलले, हे नीट लिहिले गेले नाही असे मला वाटते. गोव्यात माणूस एक तर भाटकार असायचा, नाही तर मुंडकार, नाही तर भाडेकरी. मुंडकाराचे घर दुसऱ्याच्या भाटात. त्याच्या दारासमोरचा माडसुद्धा त्याचा नसायचा. फ्लॅटने पहिल्यांदा असा एक उंबरठा दिला, जिथे कोणाच्या कृपेने राहायचे नव्हते. सरकारी एचबीए काढून घेतलेल्या पन्नास चौरस मीटरच्या दारावर कारकुनाने स्वतःच्या नावाची पाटी लावली. आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या नागरी कायद्याने त्या घराचा अर्धा हिस्सा बायकोचा. विकताना तिची सही लागतेच. जुन्या वाड्यात वीस वारसांच्या 'इन्व्हेंतार'मध्ये जिचे नाव कुठेतरी तळाला असायचे, तिची सही या लहान घरात पहिल्या पानावर आली. वन बीएचकेची ही केवढी तरी मोठी बाजू आहे.

मांडवीवरचा पूल १९७० चा. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि १९९२ साली नवा पूल होईपर्यंत पलीकडच्या नोकरदारांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. त्या दिवसांत कचेरीला चालत जाता येईल असे पणजीतले घर म्हणजे चैन होती. मी वर सांगितलेली इमारत त्याच दशकातली. तीन मजले, बारा दारे. मोझेकची जमीन, कडाप्प्याचा ओटा, खिडकीला गज आणि सपाट गच्ची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात सपाट गच्ची बांधणाऱ्यांचे धाडस मानायला हवे! पुढे बहुतेक इमारतींनी स्लॅबवर पत्रे किंवा कौले चढवली, ती पावसाने शिकवलेली अक्कल.

त्यानंतर उलटी गंगा वाहू लागली. विधानसभा २००० साली पर्वरीला गेली, मागोमाग सचिवालयही. ज्या कारकुनांसाठी हे शहर वसले ते पुलापलीकडे राहायला गेले. २००४ साली इफ्फी गोव्यात आला, त्याच वर्षी फोंतेन्हासमध्ये कला महोत्सव भरला, घरांना रंग लागले. वारसा जपणाऱ्या मंडळींनी मनापासून केलेले ते काम होते, त्याबद्दल वाद नाही. पण रंगलेल्या भिंतीमागे राहायला माणूस हवा. आता तिथे काही दारांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या दिसतात. जवळचे फ्लॅट पाहुण्यांसाठी सजतात.

आमच्या ओळखीच्या त्या फ्लॅटचेही नूतनीकरण झाले. मोझेकवर चकचकीत फरशी आली, कडाप्पा जाऊन मॉड्युलर किचन आले, छताखाली दुसरे छत बसले, त्यात दिवे. आत पाऊल टाकले की हॉटेलात आल्यासारखे वाटते. आणि दार उघडून बाहेर पडले की? जिन्याच्या चौकात बीमचा गिलावा सुटून गंजलेल्या सळ्या दिसतात. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते, मूळपेक्षा कित्येक पट जागा मागते आणि काँक्रीट आतून फोडते. ते आतल्या खोट्या छताआडही चाललेले असणार. दिसत नाही एवढेच.

बारा दारांपैकी पाच पाहुण्यांची किंवा कायम बंद. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. साठच्या दशकात सावंतवाडीकडून मराठी शाळेत शिकवायला आल्या, या फ्लॅटच्या हप्त्यांत त्यांची नोकरी गेली. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढे. कठडा हलतो म्हणून त्या आता मारुतीच्या जत्रेलासुद्धा खाली उतरत नाहीत. दुरुस्तीसाठी सभा बोलावली. तळमजल्याचा दुकानदार म्हणाला, "जिन्याचो आमकां कितें उपेग? आमी पयशे कित्याक दिवचे?" पाहुण्यांच्या फ्लॅटचे मालक फोनवर म्हणाले, आमचा फ्लॅट आम्ही नुकताच नवा केला आहे. एकाने सुचवले, सगळेच पाडून नवी इमारत बांधू, प्रत्येकाला जास्त जागा मिळेल. बाई शांतपणे म्हणाल्या, "तोवर मी कुठे राहू ते सांगा, मी सही करते."

तेव्हा मी १८६७ च्या कायद्यातली ती जिन्याची वाटणी सांगितली. लोक हसले. पण दुकानदार विचारात पडला. जिना त्याचा नसेल, खांब तर त्याच्याही डोक्यावर आहेत. सामाईक भिंतीला आणि छपराला सर्वांनी किमतीप्रमाणे द्यायचे, हे त्या जुन्या नियमाचे पहिलेच कलम होते. शेवटी नऊ जणांनी पैसे काढले, पावसाआधी खांब आणि कठडा झाला. गच्ची तशीच राहिली आहे. तिघांनी अजून काही दिलेले नाही.

यात एकट्यादुकट्याचा दोष काढून भागणार नाही. गोव्यातल्या बहुतेक इमारतींत जी सोसायटी असते ती 'मेंटेनन्स सोसायटी'. झाडलोट, पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा एवढा तिचा जीव. जमीन पुष्कळ ठिकाणी अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असते. २०१६ च्या रेरा कायद्याने सामाईक जागा रहिवाशांच्या संघाला करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली, पण तो आला तेव्हा मळ्यातल्या अशा इमारती तिशी ओलांडून बसल्या होत्या. कागदावर सर्वांचा अविभक्त हिस्सा. प्रत्यक्षात ज्याला भोक दिसेल त्याने बादली ठेवायची.

आणि हीच गत वाड्याचीही. मळा हा सखल भाग. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की टेकडीवरून उतरलेले पाणी ओरेंच्या खाडीत जायला जागा शोधते आणि रस्त्यावर थांबते. एके काळी या पाण्याचा हिशेब गावकरी ठेवायची. आज प्रत्येक जण आपला उंबरठा चार इंच वर घेतो. पाणी शेजाऱ्याकडे जाते. आपले घर नवे होते आणि रस्ता जुनाच राहतो.

म्हणून मला वाटते, आपल्याला परकी गोष्ट शिकायची नाही, विसरलेली आठवायची आहे. आधी बांध, मग वाटणी, हे आमच्या पूर्वजांनी कोणाही विद्यापीठात न जाता ठरवले होते. फ्लॅट घेताना आपण त्यातली वाटणी तेवढी उचलली आणि बांध मागे ठेवला. पुढच्या वेळी कोणी नूतनीकरण केलेला वन बीएचके दाखवायला नेईल, तेव्हा आतली फरशी जरूर पाहा. पण त्याआधी जिन्याच्या चौकात उभे राहून एकदा वर, बीमकडे पाहा. मग शेजारी किती दारांमागे माणसे राहतात ते मोजा. विक्रीखतातल्या त्या चार शब्दांची खरी किंमत तिथे कळेल. असो.